खाडीचं तोंड बंद झालं तेव्हा

मी पोचलो तेव्हा शंकर जाधव देवळाच्या पडवीत खांबाला टेकून बसला होता आणि भोवती मासेमारांची अख्खी वाडी उभी होती. त्याला कुणी बांधलेलं नव्हतं, पण उठून जाण्याची सोयही ठेवलेली नव्हती.

जाधव मलेरिया खात्याचा फवारणीवाला. कराडकडचा माणूस, पाठीवर पंप घेऊन घराघरांत डीडीटी मारत फिरायचा. आदल्या संध्याकाळी त्याने तो पंप खाडीत धुतला होता. सकाळी खाडीवर मेलेले मासे तरंगत होते. वाडीला यापुढे काही सिद्ध करायची गरज वाटत नव्हती.

ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या अखेरची. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि मी फिशरीज खात्यात इन्स्पेक्टर होतो. मूळचा मसुऱ्याचा, त्यामुळे ऑफिसात मराठी बोलायचो आणि किनाऱ्यावर मालवणी.

"सायबानू, ह्येनाच इख घातल्यान," गोविंद तांडेल म्हणाला. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. वाडीत त्याचा शब्द चालायचा. "फौजदाराक निरोप गेलो आसा. तुमी फकस्त लिवन द्या."

"पाणी बघूच्या आधी?"

"मासे बघा मगे. आणि काय व्हया?"

सावित्री नावाची एक मासेविक्री करणारी बाई भरलेली टोपली घेऊन कट्टा गावच्या बाजारातून तशीच परत आली होती. "माझो मासो दर्यातलो," ती म्हणाली, "तरी कोणी हात लावूक नाय. इखाचो मासो म्हणतत. आता आमी खावचा काय?"

तिच्या बोलण्याने मला खरा धोका कळला. खाडीतले मासे गेले ते गेलेच होते. पण विषाची बोलवा पसरली तर समुद्रातला मासाही कुणी घेणार नव्हतं. आणि जाधवचं काय होईल, ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

मी खाडीत उतरलो. पाणी कोमट लागलं. पायाखालचा गाळ काळा होता आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. शेवटे, काळुंदरं असले खाडीतले मासे पोट वर करून पडले होते. काही मासे जिवंत होते, पण पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मात्र पाणी सोडून काठच्या कांदळीच्या झाडांच्या मुळांवर चढून बसल्या होत्या. मी काठी लावली तशी एकीने नांगी उगारली. चांगली धडधाकट होती.

त्या कुर्लीला बघून माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

डीडीटी हे किडे मारायचं औषध. कुर्ली आणि किडे तसे भाऊबंदच. दोघांनाही बाहेरून कवच आणि सांध्यांचे पाय. पाण्यात डीडीटी असतं तर माशांच्या आधी कुर्ल्या मेल्या असत्या. इथे त्या पाण्याबाहेर पळाल्या होत्या. म्हणजे पाण्यात काही जास्त झालं नव्हतं, काहीतरी कमी पडलं होतं.

मासाही श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांनी ओढतो. हा प्राणवायू पाण्याला मिळतो वाऱ्याने, लाटांनी, शेवाळाकडून, भरतीच्या नव्या पाण्याकडून. तो आहे की नाही हे बघायची आमची रीत सोपी होती. बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं आणि दोन औषधं घालायची. प्राणवायू असला तर खाली तपकिरी साका बसतो. नसला तर पांढरा.

मी एक बाटली समुद्रातून भरली, एक खाडीतून, आणि दोन्ही देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर ठेवल्या. समुद्राची बाटली तपकिरी झाली. खाडीची दुधासारखी पांढरी राहिली.

"मासे घुसमटून मेले," मी म्हटलं. "सोडणां खंय कुजत घातलास?"

सगळ्यांच्या नजरा खाडीच्या काठाकडे गेल्या. सोडणं म्हणजे नारळाची सालं. ती महिनोन्महिने पाण्यात कुजवून काथ्या काढतात. खाडीच्या कडेने वाडीतल्या प्रत्येक घराची सोडणं दगडाखाली दाबलेली होती. कुजणारी वस्तू पाण्यातला प्राणवायू खात असते.

"सोडणां दर वर्षा कुजतत," सावित्री म्हणाली. "मासे कधी मराक नाय."

"दर वर्षा खाडीचा तोंड उघडा आसता."

यंदा पाऊस लवकर गेला होता. ओढ्याला जोर नव्हता, आणि समुद्राने खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध घातला होता. भरती आत येत नव्हती. वारा पडलेला, ऊन कडक, पाणी उथळ. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. होता तेवढा सोडणांनी संपवला.

गोविंदने दोन्ही बाटल्या उचलून उजेडात धरल्या. मग म्हणाला, "मगे तोंड फोडूया. पाणी सुधारला तर हो माणूस सुटलो. नाय तर फौजदार आसाच."

तेवढ्यात आमचे साहेब जीपने आले. मी सगळं सांगितलं.

"अहो, वाळू उपसणं आपलं काम नाही. बंदर खात्याला लिहा."

"उत्तर येईपर्यंत खाडीत काही उरणार नाही, साहेब."

"आणि तळाचा गाळ ढवळून उरलेले मासे मेले तर?"

"मरू शकतात."

"हे रिपोर्टात लिहिणार?"

"रिपोर्ट उद्या लिहितो. अमावास्येचं उधाण आज आहे."

"मी इथे आलोच नाही," असं साहेब म्हणाले आणि जीपच्या सावलीत बसून राहिले.

ओहोटीत सगळी वाडी फावडी आणि घमेली घेऊन वाळूच्या बांधात चर खणायला उतरली. बायकांनी सोडणं ओढून काठावर टाकली. जाधव पडवीतून उठून आला, त्याला कुणी अडवलं नाही. त्यानेही फावडं घेतलं. चर समुद्रापर्यंत पोचला तसं खाडीचं काळं पाणी आधी हळू आणि मग धडाक्याने बाहेर निघालं. वासाने डोळ्यांत पाणी आलं. आणखी काही मासे उलटे झाले. गोविंदने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग भरती लागली. चरातून स्वच्छ, गार पाणी आत आलं, आणि त्याच्या वाटेत आ वासणारे शेवटे एकेक करून पाण्याखाली गेले. ऊन कलताना मी पुन्हा बाटली भरली. साका फिकट तपकिरी बसला.

"झाला काय?" गोविंदने विचारलं.

"झाला."

जाधव तिथेच ओल्या वाळूत मटकन बसला आणि हसायला लागला. त्याचं हसू बघून बाकीचेही हसले. सावित्रीने लोटीभर पाणी आणून दिलं, ते त्याने एका दमात संपवलं. फौजदार आला तेव्हा त्याला चहाखेरीज काही काम उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कट्ट्याच्या बाजारात उभं राहून सगळ्यांदेखत मासे विकत घेतले. पुढे वाडीने सोडणांसाठी वेगळे खड्डे खणले आणि तोंडाशी वाळू साचू लागली की ती फोडायची पद्धत पाडली. बंदर खात्याचं उत्तर पावसाळ्यात आलं. जागेची पाहणी करून कळवू, असं त्यात होतं.

नोकरीत पुढे मेलेले मासे मी पुष्कळ पाहिले. माणसं आधी गुन्हेगार शोधतात, आणि तो परगावचा असला तर लवकर सापडतो. मी आधी वारा कधीपासून पडलाय ते विचारतो.