पाट्यांचं पाणी : गंगाखेड–सोनपेठ रस्त्यावरचे दोन दिवस

मला कुठंही पाठवा, मी जातो. जिंतूरला घरी चार दिवस बसलो की पाय शिवशिवायला लागतात. दहावी दोनदा हुकल्यावर परभणीत उस्मानचाचांच्या गॅरेजात चिकटलो तेही यासाठीच. सामान आणायला सतत कुणीतरी गावोगाव हिंडायला लागतंच.

या वेळचं सामान होतं एका स्पोर्ट्स गाडीचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या वाकवलेल्या पट्ट्या. गाडी इंग्रजी, दोन शिटांची, बिनटपाची, नाक हे एवढं लांब. हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराकडून परभणीच्या एका डॉक्टरांनी घेतलेली. मागून अशी बसली होती की कुत्रं हागायला बसल्यासारखी दिसायची. यू-बोल्ट खोलले, पाटे उतरवले. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. कमान पार सपाट झालेली आणि एकाला आडवा तडा. नवीन मिळणार कुठून?

"किसनकडं जा," चाचा म्हणाले. "कमान कोनीबी ठोकतंय. पाणी देनारा येकच हाय."

पाणी देणं म्हणजे काय ते आधी सांगतो, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. लोखंड लाल करून विझवलं की ते कडक होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. गाडीच्या पाट्यांना हे पाणी तेलात देतात, तरी शब्द पाणीच.

सकाळच्या एसटीनं गंगाखेड. तिकीट चारेक रुपये, पण लोखंडाचं पोतं बघून कंडक्टरनं लगेजही फाडलं. गोदावरीचा पूल येतो तेव्हा खिडकीत बसा. गंगाखेडच्या स्टँडवर मिरची भजी खा, चहा मात्र नका घेऊ. कारखाना सुरू होता, उसाच्या बैलगाड्यांमागं सोनपेठची गाडी मुंगीसारखी सरकत होती. तासाभरानं एका फाट्यावर उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

फाट्यावर एक हॉटेल, बाकावर चौघं. पोतं आदळल्याबरोबर चौकशी सुरू.

"कुणाकडं जायलाव पाव्हणं?"

"किसनमामांकडं. पाणी घ्यायचंय त्यांच्याकडून."

चौघांनी कप खाली ठेवले. मग पटकेवाल्या म्हाताऱ्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"मग आपलेच की तुमी! आन् त्याच्या हातचं पाणी कशाला?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे प्यायचं पाणी समजायलेत. किसनमामा बौद्ध. एक वाक्य बोलायचं होतं: लोखंडाचं पाणी हो आजोबा. पण मला गंमत वाटली. मी म्हणालो, "पाणी द्यावं तर किसनमामांनीच. तुमच्या गावात बाकी कुणाचं कामाचं नाही, असं परभणीत म्हणतात."

मिशीवाल्या एकानं तंबाखू थुंकली. "परभणीत आसं म्हणतेत?"

मी पोतं उचललं आणि स्वतःवर खूश होऊन चालायला लागलो.

किसनमामांची भट्टी गावाबाहेर, बाभळीखाली. माणूस साठीचा, जुना रेल्वे शेडमधला. नामांतराच्या दंगलीत वस्ती जळाली तेव्हा बाकीची घरं उठून शहरात गेली. मामा आणि त्यांची बायको पारूमावशी तेवढे राहिले. त्यांचा कातड्याचा भाता त्या दिवशी शिवायला गंगाखेडला दिला होता म्हणून वाचला.

"भाता हाय तवर मी हाय हितं," मामा म्हणाले. "भाता गेला की गावात माजं काय काम? कोन उभं करील?"

संध्याकाळपर्यंत एका बाजूचे पाचही पाटे झाले. तडा गेलेल्याच्या जागी ट्रकच्या जुन्या पाट्यातून कापून नवा केला. जमिनीवर खडूनं कमान काढायची, तापलेला पाटा त्या रेघेला बसेपर्यंत ठोकायचा, तेलात बुडवायचा, मग परत शेकायचा आणि लिंबाची वाळकी काडी घासायची. काडीतून ठिणगी उडाली की बास. मापयंत्र नाही, घड्याळ नाही. मावशीनं ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. अंगणातच झोपलो.

सकाळी मामा-मावशी कोळसा आणायला निघाले. "भट्टी सोडू नकू. घंट्याभरात येताव."

घंटाभर बसणं मला कसं जमणार? पलीकडं गुऱ्हाळ चालू होतं, गुळाचा वास आला आणि मी उठलो. गरम काकवी प्यालो, कढई बघितली, बैलांची नावं विचारली. परत आलो तेव्हा मामा भट्टीजवळ उभे होते.

भाता विळ्यानं उभा चिरला होता. तेलाच्या डब्यात कुणीतरी पाणी ओतलं होतं, काठोकाठ. भिंतीवर कोळशानं दोन शब्द: घे पाणी.

मी सगळं सांगितलं. हॉटेल, आडनाव, माझा विनोद.

मामांनी भात्याची चीर बोटांनी जुळवून पाहिली. मग म्हणाले, "पानीच म्हनतेत त्याला. शब्द बरूबर हाय तुजा. पर लोखंडाचं म्हून सांगायचं व्हतंस. तू हासत बसलास."

"शिवून आणू का?"

"न्हाई टिकायचं आता. जुनं कातडं."

मला वाटलं, जा म्हणतील. त्यांनी वर तरंगणारं तेल वाटीवाटीनं दुसऱ्या डब्यात काढलं. मावशीनं घरातून सूप आणलं आणि निखाऱ्यांना वारा घालायला लागली. एकेक पाटा लाल व्हायला तास लागत होता. मी सूप मागितलं तर म्हणाली, "तू बस तिकडं." उरलेले पाचही पाटे त्यांनी केले. शेवटच्याला काडी घासली, ठिणगी उडाली. मामा बघून म्हणाले, "झालं," आणि घण पोत्यात भरला. माझ्या नव्हे, त्यांच्या.

गाडी आता झकास उभी आहे. बुश नवे, पाट्यांच्या मधे ग्रीस, खड्ड्यात आवाज नाही. सुपाच्या वाऱ्यावर झालेली बाजू अर्धं बोट खाली बसते. डॉक्टरांना दिसत नाही, मला दिसते. महिन्याभरात मामा-मावशी परभणीला आले. मामा एका वर्कशॉपात ग्रिलला रंग देतात. भट्टी नाही.

घरी सगळे विचारतात, कसा झाला प्रवास? मी पूल सांगतो, भजी सांगतो, काकवी सांगतो.

परतीच्या एसटीची वाट बघत मी त्याच हॉटेलात बसलो होतो, हे सांगत नाही. पोतं वाहून घसा सुकला होता. मिशीवाल्यानं न विचारता गार पाण्याचा तांब्या पुढं केला. "घ्या, आपलंच हाय."

मी सगळा तांब्या प्यालो.