शंकेची भुवई

माझ्या दादाने चाळीस वर्षं बाहुल्यांना भुवया काढल्या. सांगितलं की लोक हसतात. हसू देत, लग्नाआधी मलाही लाज वाटायची. मैत्रिणींचे भाऊ बँकेत नाहीतर शाळेत, आणि माझा भाऊ कारखान्यात बसून टकल्या डोक्यांवर दोन रेघा मारतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पण त्या रेघा सोप्या नव्हत्या. डोळे, गाल, ओठ रंगवायला वेगळी माणसं होती. त्यांच्या हातांतून फिरत फिरत डोकी शेवटी दादाच्या टेबलावर यायची. भुवई कायम शेवटी. तो म्हणायचा, "ओठ कितीही हसवा, भुवई चुकली की बाहुली रडकी दिसते." एका भुवईला कारखान्यात 'खुलती' म्हणायचे. तिचं बाहेरचं टोक केसभर वर असतं. खुलत्या भुवईची बाहुली कशालाही हो म्हणेल अशी दिसते, आणि तीच खपते. दादाचा हात त्या रेघेवर इतका बसला होता की डोळे मिटूनही काढली असती.

आणि बायको कशी मिळावी? वहिनी छापखान्यात प्रुफं तपासायची. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका काढायचा तिला पगार मिळायचा, घरी तेच काम ती फुकट करायची. कशावर चटकन विश्वास ठेवेल तर शपथ. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. डॉक्टरांनी गोळी दिली की आधी तिच्याबरोबरचा कागद वाचणार. तिची डावी भुवई वर गेली की आम्ही सगळे गप्प. मला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलगा बघून मी मनातून उड्या मारत होते. वहिनी एक शब्द बोलली नाही, फक्त भुवई वर. दादाने त्याच संध्याकाळी नकार कळवला. मी आठवडाभर तिच्याशी अबोला धरला. पुढे कळलं, त्या गृहस्थाचं आधीच एक लग्न झालेलं होतं. तेव्हापासून मी तिच्या भुवईला मान द्यायला शिकले.

मग तिला कंपवात झाला. हात थरथरतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण या दुखण्यात चेहराही जातो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. हसू गेलं, कपाळावरची आठी गेली, आवाज बारीक होत होत ओठांतच विरायला लागला. वहिनी आत होती, अगदी पूर्वीसारखीच होती, पण बाहेरून भिंतीकडे बघितल्यासारखं वाटायचं. मला रडू यायचं आणि त्याचा रागही यायचा.

वयाने तिच्या भुवयांचे केसही झडले होते. दादा रोज सकाळी तिचे केस विंचरून झाले की तपकिरी पेन्सिलीने तिला भुवया काढायचा. मी म्हटलं, "कशाला नटवतोस तिला? तिला तरी हवंय का?"

"भुवईशिवाय काम पुरं होत नाही," तो म्हणाला. मी कपाळाला हात लावला.

दवाखान्यातल्या बाईंनी एक कार्ड दिलं होतं. त्यावर चार चेहरे होते, हसरा, रडका, दुखतंय आणि भूक लागलीय. वहिनीने बोट दाखवायचं, आम्ही समजून घ्यायचं. वहिनीने ते कार्ड बोटाने ढकलत ढकलत टेबलाच्या कडेपर्यंत नेलं आणि खाली पाडलं. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी दादाच्या डोक्यात प्रकाश पडला. दुखतंय का, भूक लागली का, हे तर येणारा-जाणारा विचारतोच. तुला काही शंका आहे का, असं आजारी माणसाला कोण विचारतं?

दादाच्या लेकीचा, माझ्या भाचीचा, जुना टॅब घरी पडून होता. मोबाइलमध्ये ते पिवळे चेहरे असतात ना, शेकडो, त्यांतले तीनच दादाने तिच्यासाठी निवडले आणि मोठे करून घेतले. एक तिरक्या तोंडाचा, गोंधळलेला. एक भुवई वर केलेला. आणि एक तोंडाचा आ वासलेला. वहिनीने बोट टेकवलं की तो चेहरा दादाच्या फोनवर जायचा.

त्यानंतर दोघांच्या ज्या गप्पा रंगल्या म्हणता! सकाळी अकराला कारखान्यात दादाचा फोन वाजायचा, भुवई. दादा लगेच घरी, वहिनीजवळ असणाऱ्या बाईंना फोन करायचा, "गॅस बंद आहे का बघा." दहांतून नऊ वेळा बंद असायचा. दहाव्यांदा नसायचा. भाची म्हणायची, पुढच्या महिन्यात नक्की येते, इकडून भुवई. मी एकदा केस काळेभोर करून गेले, तर आधी आ वासलेला आला आणि पाठोपाठ भुवई. मी हसून हसून खाली बसले. तिचा चेहरा जागचा हलला नव्हता.

मीच एकदा म्हटलं, "दादा, त्यात एक हो आणि एक नाही पण ठेव की."

"कशाला? शंका नाही म्हणजे हो, शंका आहे म्हणजे नाही. इतकी वर्षं असंच चाललंय आमचं."

मलाही ते पटलं.

एका सकाळी न्हाणीघरात तिला उठवताना दादाचा पाय सरकला. दोघंही पडली. बाई नऊला आल्या तोवर दोघं ओल्या फरशीवर तशीच. हाड मोडलं नाही, पण भाची लांबच्या शहरात बसून हादरली. बिचारीचं काही चुकत नव्हतं. बापाची सत्तरी जवळ आलेली, आई उचलायची कुणी? तिने चांगलं शुश्रूषागृह शोधलं. एक खाट रिकामी होत होती, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. त्यांचा एक नियम होता. पेशंटची स्वतःची इच्छा हवी. तिथल्या मॅनेजरबाई व्हिडिओवर पेशंटला स्वतः विचारणार, आणि तिला नको असेल तर घेणार नाहीत.

हे ऐकून दादाच्या जिवात जीव आला. लेकीला तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. "तिला विचारणार आहेत ना? मग झालं," तो मला म्हणाला. वहिनी भुवई दाबणार आणि घरीच राहणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. मीही.

फोनच्या दिवशी त्याने तिला छान तयार केलं. लेक खूप दिवसांनी बघणार होती. केस विंचरले, पावडर लावली, आणि शेवटी भुवया काढल्या. सावकाश, श्वास रोखून. हात बसलेला. खुलती भुवई.

दादाचा फोन खिडकीत पेल्याला टेकवून ठेवला. वहिनी खुर्चीत, मांडीवर टॅब. दादा चष्मा काढून तिच्या मागे उभा राहिला, कॅमेऱ्यासमोर तो चष्मा कधी लावत नाही. मी शेजारी फॉर्म घेऊन बसले.

मॅनेजरबाईंनी तिथल्या खोलीचं, नर्सचं, बागेचं वर्णन केलं. मग भाचीने विचारलं, "आई, चालेल ना तुला?"

पडद्याच्या कोपऱ्यात वहिनी एवढीशी दिसत होती. इतकी प्रसन्न, इतकी राजी की माझेच डोळे भरले. पडद्यावर वरून काहीतरी पिवळं उतरत होतं, जात होतं. मला वाटलं, जाहिराती. दादाला तर दिसतच नव्हतं. तो टॅबची वाट बघत होता, आणि फोन वाजत नाही म्हणून त्याचा चेहरा पडत चालला होता. व्हिडिओ चालू असताना त्या चेहऱ्यांचा आवाज येत नाही, ते नुसते वरून उतरून जातात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"आई किती खूश दिसतेय," भाची रडत रडत म्हणाली.

"हो, दिसतंय ना," मॅनेजरबाई म्हणाल्या. "झालं तर मग."

 तिलाच जायचंय, असं दादाला वाटलं. इतक्या वर्षांनी हिला माझा कंटाळा आला, असं वाटलं, हे त्याने मला नंतर सांगितलं. फॉर्मवर साक्षीदार म्हणून मी सही केली. वहिनीच्या मांडीकडे मान वळवायला मला किती कष्ट पडले असते?

दुपारी दादाने चष्मा लावून फोन उघडला. चौदा चेहरे. पहिला गोंधळलेला. मग भुवई, भुवई, भुवई, एकाखाली एक बारा. आणि शेवटचा, 'झालं तर मग'च्या वेळेचा, आ वासलेला.

त्याने माझ्यासमोर भाचीला फोन लावला. "अगं, ती नाही म्हणतेय."

"बाबा, ते नुसते चेहरे आहेत. त्यात नाही कुठंय? मी आईचा खरा चेहरा बघितला ना."

"तो मी काढलाय गं. पेन्सिलीने."

ती अगदी मायेने म्हणाली, "बाबा, तुम्ही फार थकला आहात. म्हणूनच म्हणते." दादाने मॅनेजरबाईंनाही फोन केला. त्या म्हणाल्या, घरच्यांना शेवटी असं होतंच, सवय होईल.

आणि खरं सांगायचं तर त्याला तिला उचलता येत नव्हतं. सोमवारी गाडी आली.

तिथे सगळं स्वच्छ आहे. रोज सकाळी तिचं तोंड धुतात, भुवया कुणी काढत नाही. टॅब तिच्या उशाशी असतो, पण कितीतरी दिवस दादाच्या फोनवर तिचा एकही चेहरा आला नाही. अकरा वाजता तो हातातलं काम खाली ठेवतो आणि फोनकडे बघत बसतो. मालकाने त्याला भुवयांवरून काढून पेट्या बांधायला बसवलंय, हल्ली हात चुकतो म्हणून.

गेल्या रविवारी मी त्याच्याबरोबर गेले. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला, चष्मा लावून. शेवटी मीच टॅब तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, मुद्दाम नाही केलं गं त्याने. तुला कळतंय ना?"

तिचं बोट थरथरत निघालं आणि भुवईवर टेकलं. दादाच्या खिशात फोन वाजला.

तो तिच्याकडे वाकला.

"बंद केलाय गं गॅस," तो म्हणाला. "दोनदा बघून आलोय."

तिने बोट उचललं नाही. त्याच्या खिशात फोन वाजतच राहिला.