चारी उजवे

माझं कुरुंद्यात चपलांचं दुकान आहे, त्यामुळे नंबर या विषयावर मला कोणी काही शिकवू नये असं माझं पक्कं मत होतं. गिऱ्हाईक उंबऱ्यात पाय टाकतं न टाकतं तोच मी सांगतो, आठ नंबर, पंजा रुंद. (बायको म्हणते, एवढ्या बारकाईनं कधी माझ्या तोंडाकडं पाहिलं असतं तर संसार सुखाचा झाला असता.)

अशा जाणकार माणसानं दिवाळीच्या तोंडावर यंदाच घेतलेल्या जुन्या गाडीला चार नवे टायर बसवले. कारण होतं भाऊबीजेचं. माझी आत्या हट्टा गावी असते. ती दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. गेल्या वर्षी दादांच्या गुडघ्यानं दगा दिला, जीपमध्ये चढवेना, आणि भाऊ आला नाही म्हणून आत्यानं चंद्राला ओवाळलं. ते कळल्यावर दादा दोन दिवस धड जेवले नव्हते. यंदा त्यांना गाडीतून न्यायचंच, असं मी ठरवलं होतं.

पाडव्याला दादांनी गाडीची पूजा केली. जन्मभर बैल जुंपलेला माणूस, आता गोठा रिकामा, मग कुंकू टायरला. ते लावता लावता त्यांचं बोट टायरवरच्या अक्षरांवर थांबलं. १५५/८० आर १३. हे काय लिव्हलंय, असं त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही" हे शब्द दुकानदाराच्या तोंडून सहसा निघत नाहीत. आमच्या रबरी चपलांवर आर आणि एल असतं, उजवी आणि डावी. मी छातीठोकपणे सांगितलं, "आर म्हणजे राइट, उजवा. तेरा हा नंबर." आधीचे आकडे कंपनीचा खाजगी मामला म्हणून सोडून दिले!

दादांना इंग्रजी येत नाही, पण एकदा पाहिलेली खूण ते विसरत नाहीत. कुंकवाची वाटी घेऊन त्यांनी गाडीला पूर्ण फेरी मारली आणि गंभीर चेहऱ्यानं परत आले.

"चारींवर तीच खूण हाय. चारी उजवेच दिले तुला."

मग त्यांनी मला समजावलं. उजवीकडं चालायची सवय लागलेला बैल डावीकडं जुंपला की तो सरळ चालत नाही, गाडी एका बाजूला ओढतो. आणि आमची गाडी खरोखरच उजवीकडं ओढत होती! ही तक्रार आठवडाभर घरात मीच करत होतो. दादांनी दोन्ही गोष्टी जुळवल्या आणि या गाडीत बसणार नाही असं जाहीर केलं. टायरवाल्याला फोन लावावा तर दुकान दिवाळीनिमित्त बंद.

शेवटी बायकोनं मोबाइलमध्ये शोधून मला वाचून दाखवलं. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे आडवे घालण्याची एक रीत. एकशे पंचावन्न ही मिलिमीटरमध्ये रुंदी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ऐंशी टक्के, आणि तेरा इंच आतली लोखंडी रिंग. हा टायर कुठल्याही बाजूला चालतो. मी धावत जाऊन दादांना हे सगळं सांगितलं.

"सकाळी उजवा म्हणलास, आता रेडियल म्हणून राहिलास," दादा शांतपणे म्हणाले. "उद्या काय म्हणशील?"



भाऊबीजेच्या सकाळी दादा नवं धोतर नेसून, आत्याची साडी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. जायचं तर मनात होतं, पण माझ्या शब्दावरचा भरवसा उडाला होता.  एका आकड्याची फुशारकी मारण्यापायी मी म्हाताऱ्या बहीणभावाची भेट अडवली होती. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"दादा, आपला हरण्या कोणत्या अंगाला चालायचा?"

"दोन्ही. जिकडं जुंपलं तिकडं," ते म्हणाले. "तसला बैल पुन्हा न्हाई झाला."

"मग हे चारी हरण्याच हायत, दादा."

 दादा उठले, पुढच्या टायरवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली, आणि गाडीत माझ्या शेजारी बसले.

गाव सुटलं आणि गाडी पुन्हा उजवीकडं ओढू लागली! मला घाम फुटला. दादा मात्र रस्त्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. माझं उजवं कोपर ऐटीत खिडकीबाहेर आणि स्टीअरिंग त्याच एका हातात. दोन्ही हातांनी धर, असं त्यांनी सांगितलं. धरलं, आणि गाडी सुतासारखी सरळ झाली.

"बैल बराबर हायत," दादा म्हणाले. "हाकणाराच एका अंगाचा हाय."

आत्यानं ओवाळलं तेव्हा निरांजनाच्या उजेडात दोघांचेही डोळे भरले होते.  तेवढ्यात दादांनी तोंडात लाडू ठेवला आणि जमलेल्या साऱ्या गोतावळ्याला चारी उजव्या टायरांची हकीकत सांगायला सुरुवात केली.

ती हकीकत माझ्या आधी कुरुंद्यात पोचली. आता दुकानात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक चपलांचा जोड हातात घेऊन विचारतं, दोन्ही उजव्या तर न्हाईत ना दिल्या? मी हसण्यावारी नेतो, पण गिऱ्हाईक पाठमोरं झालं की हळूच त्याच्या पायांकडं बघून घेतो.