आमचं उसनं आडनाव

ताई कायमची तिच्या गावी परत गेली, त्याला आता तीन आठवडे झाले. जाताना हॉटेलातला आपल्या नावाचा पितळी बिल्ला माझ्या हातात ठेवून गेली. तसलाच माझा एक ड्रॉवरमध्ये पडलेला आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की आडनाव एकच दिसतं. ती त्याला लोपेझ म्हणायची, आम्ही वसईवाले लोपीस म्हणतो.

ती फिलिपिन्सची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी दुबईला आलो त्याच आठवड्यात तीही त्याच हॉटेलात लागली. कंपनीची व्हिसाची कामं बघणारा माणूस घाईचा गडी होता. त्याने यादीत आमची आडनावं पाहिली आणि नवरा-बायको समजून दोघांचे कागद एकाच पाकिटात घातले. मेडिकलच्या रांगेत आम्हाला जोडीने उभं केलं. माझं तर पित्तच खवळलं. लग्न ठरायचं होतं माझं अजून, आणि हा बाबा माझा संसार मांडून मोकळा. मी तावातावाने म्हणालो, "ये मेरी बीवी नहीं है." तो म्हणाला, "तो कौन है?" आता काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, "ताई है." झालं, त्या दिवसापासून रिसेप्शनपासून किचनपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायला लागले. अर्ध्या लोकांना ते तिचं नावच वाटायचं.

मी बॅक ऑफिसला होतो, ती फ्रंट डेस्कवर. एकदा एका स्पॅनिश पाहुण्याच्या बिलाचा घोळ निस्तरायला मी बाहेर आलो. त्याने माझा बिल्ला वाचला, मग तिचा वाचला आणि हसत सुटला. म्हणाला, तुम्ही दोघंही लांडगे. आमचे चेहरे बघून त्याने नीट समजावून सांगितलं. जुन्या काळी त्यांच्याकडे लोपे नावाचे पुरुष असत, नावाचा अर्थ लांडगा. लोपेझ म्हणजे त्या लोपेचा मुलगा. त्याच्या देशात दगड मारला तर तो एखाद्या लोपेझलाच लागेल, इतके आहेत म्हणे. मग त्याने सहज विचारलं, "तुमचा स्पेनचा आजोबा कोण?" बिलाचं काम उरकलं आणि मी आत सटकलो.

तेव्हा आम्ही दोघं राहायला शारजाला होतो. संध्याकाळी स्टाफची बस जॅममध्ये अडकली की दीड-दोन तास गप्पांशिवाय दुसरा उद्योग नसे. त्या दिवशी ताईच आमच्यात राहून शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "भाई, मेरा तो कोई स्पेनवाला दादा नहीं है." तिच्याकडे स्पॅनिश राज्य होतं तेव्हा वरून आडनावांची यादी आली होती. गावोगावी ती यादी फिरवली आणि एकेका घराला एकेक आडनाव वाटून दिलं. तिच्या पणज्याच्याही आधीच्या कुणाच्या तरी वाट्याला लोपेझ आलं. शेजारच्या घराला दुसरं. सरकारला खानेसुमारी सोपी जावी म्हणून.

मी म्हटलं, आमचंही तेच. आमच्याकडे पोर्तुगीज आले. बाप्तिस्म्याला जो गोरा साहेब धर्मपिता म्हणून उभा राहायचा, त्याचं आडनाव त्या कुटुंबाला चिकटायचं. त्या साहेबाने एका सकाळी किती घरांना आपलं नाव दिलं असेल देव जाणे, कारण आमच्या आळीत आजही हाक मारली तर सहा घरांतले लोपीस ओ देतील. बरं, केळीच्या वाड्या आमच्या, पानवेली आमच्या. लांडगा तिथे कुणी कधी पाहिलेला नाही. ताई इतकी हसली की पुढच्या सीटवरचे वळून बघायला लागले.

पुढे माझं लग्न झालं, आम्ही दुबईतच अल बर्शाला राहायला आलो आणि आमची लेक जन्मली. दिवस भरायच्या पावणेदोन महिने आधी. काचेच्या पेटीत एवढीशी, नाकात नळ्या. डॉक्टर म्हणाले, पहिले काही दिवस काही सांगता येत नाही. बायको म्हणाली, "थांबायचं नाही, बाप्तिस्म्याला फादरना बोलव." आमच्या घरात पहिल्या मुलाची धर्ममाता म्हणजे बापाची बहीण, यात कुणी कधी बदल केलेला नव्हता. पण माझी बहीण वसईत, तिच्या व्हिसाला आठवडा लागणार. आणि डबा घेऊन आलेली ताई दाराबाहेर उभी होती. फादरांनी विचारलं, धर्ममाता कोण? मी ताईकडे बघितलं. तिने डबा खाली ठेवला आणि आत आली. पेटीच्या भोकातून दोन बोटं आत घालून बाळाच्या पायाला लावली, तेवढंच. उचलून घेता येत नव्हतं.

त्या दिवशी मी भिंतीला टेकून ढसाढसा रडलो. सांगायला लाज कशाची.

पोरगी जगली. पण आईने मनात धरलं. फोनवर म्हणाली, "परक्या बाईला उभी केलीस? तुझी सख्खी बहीण मेली होती काय?" मी समजावलं, चिडलो, फोन आपटला. मग पापा फोनवर आले. पापा कमी बोलायचे. ते म्हणाले, "अरे, आपलं आडनाव तरी कुणाचं? तोही परकाच होता. नाव देऊन गेला तो गेला, पुन्हा फिरकला नाही. ही निदान रोज डबा घेऊन दवाखान्यात येते." बोलत होते माझ्याशी, पण ऐकवत होते आईला. आई मात्र बदलली नाही.

आईचा राग नुसता तेवढाच नव्हता. आमच्याकडे रीत अशी की देवळातून, म्हणजे चर्चमधून, बाळाला धर्ममातेने उचलून घरी आणायचं, दाराबाहेर थांबायचं आणि बाळ आजीच्या हातात द्यायचं. आजीने घेतल्याशिवाय धर्ममाता आत पाऊल टाकत नाही. आजीने घेतलं की बाप्तिस्मा घरी पोचला असं म्हणतात. आम्ही लेकीला घेऊन वसईला गेलो तेव्हा आईने तिचे लाड केले, तेल चोळलं, तिच्यासाठी सुकेळी जपून ठेवली. पण दर वेळी एकदा तरी म्हणायचीच, "बाप्तिस्मा काही अजून घरी आलेला नाही." माझ्या बहिणीला पोरगी घेऊन दारात उभी कर, आपण रीत पुरी करू, असंही तिने सुचवून पाहिलं. बायको म्हणाली, "धर्ममाता आहे तिला. नाटक कशाला?" त्यावरून दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. ताईचा विषय निघाला की आई नाक मुरडून "ती फिलिपिनो" म्हणायची.

हे सगळं मी ताईला कधी बोललो नव्हतो. एका सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवताना बायकोनेच तिला सांगून टाकलं. ताईने घास खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "दरवाजे के बाहर रुकना है?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःची दोन पोरं गावी आपल्या आईकडे ठेवून आलेली बाई ती. शुक्रवारी सुट्टी, तर चर्चमध्ये मिस्सा झाली की आमच्या घरी. लेकीला पोहायला तिने शिकवलं, केस तिने विंचरले, तापात उशाशी बसली. आणि माझ्या आईकडून तिला धर्ममाता हा एक शब्द मिळत नव्हता.

लेक सहा वर्षांची झाली त्या वर्षी पापा गेले. सहाएक महिन्यांनी मी आईला थोडे दिवस दुबईला आणलं. विमान सकाळी उतरलं. नेसलेलं लाल लुगडं, हातात पिशवी, पिशवीत सुकेळी. रस्ताभर आई काचेतून बघत होती आणि एकदाच म्हणाली, "तुझ्या पापांनी हे बघायला हवं होतं."

लिफ्टमधून बाहेर आलो तर आमच्या फ्लॅटचं दार सताड उघडं, बायको आत उभी. आणि दाराबाहेर, चपलांच्या रॅकजवळ, ताई. कामाचा युनिफॉर्म अंगावर, म्हणजे ड्यूटीवरून परस्पर आलेली. तिच्या कडेवर आमची सहा वर्षांची घोडी. ताई आधीच बुटकी, पोरीचे पाय तिच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होते. पोरगी वैतागून म्हणत होती, "पुट मी डाऊन, आय ॲम नॉट अ बेबी." ताई काही तिला सोडेना.

मला समजेना काय करावं. आई मान ताठ करून उभी. मी मनात म्हणत होतो, आई, आता एक शब्द वाकडा बोलू नकोस, तुझ्या पाया पडतो. ताईने घोकून ठेवलेलं मराठी वाक्य म्हटलं, "आई, ही तुमची नात." किती वेळ तशी उभी होती कोण जाणे.

आईने पिशवी खाली ठेवली. हात लुगड्याला पुसले. फ्लॅटला उंबरठा कसला, दाराखाली एक लोखंडी पट्टी आहे, ती ओलांडून आधी स्वतः आत गेली आणि वळून दारात उभी राहिली. मग दोन्ही हात पुढे केले. पोरीचं वजन अंगावर आलं तशी ती मागे झुकली. मी सावरायला धावलो, तर डोळ्यांनीच मला दटावलं.

आईने ताईकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "सहा वर्षं हिला घेऊन बाहेर उभी होतीस काय गं? ये, आत ये."

ताईला मराठी तेवढं कळायचं नाही. ती "हां, आई" म्हणाली आणि आत आली.