जुना सायलेन्सर
ग्राइंडरनं कापलेल्या लोखंडाचा वास आला की सोलापुरातलं आमचं अंगण आठवतं. तिथं वडिलांची जुनी मोटारसायकल मी महिनाभर कापत, जोडत, रंगवत होतो. स्वस्थ बसवतच नव्हतं. शेवटी जुना सायलेन्सर भंगारात देऊन मी आखूड नळी बसवली आणि दुसऱ्या दिवशी वडील तीच गाडी घेऊन कामावर गेले. ते परतताना कसे दिसतात ते बघायला मी गच्चीत येरझाऱ्या घालत होतो. रोज गाडी बोळात शिरली की आई आवाजावरून ओळखायची, दार उघडून तवा ठेवायची. त्या दिवशी दार बंदच राहिलं. वडिलांनी कडी वाजवली. आतून आईनं विचारलं, “कोण हाय?” वडील म्हणाले, “मीच हाय की.” परवाही मी भंगारवाल्याकडं जाऊन आलो. तसा सायलेन्सर अजून मिळालेला नाही.