खात्रीकाका आणि ठासणीची बंदूक

खात्रीकाकांनी माझ्याशी पहिल्यांदा हात मिळवला आणि तो सुटल्याबरोबर स्वतःची बोटं मोजली. मनातल्या मनात नाही. अंगठा एकेका बोटाला लावत, माझ्यादेखत. पाचही भरली तेव्हा म्हणाले, "ठीक. बसा." मी बसलो तर वाकून बघितलं, की मी खुर्चीवरच बसलोय ना. यातलं निम्मं मी पदरचं घालतोय असं तुम्हाला वाटेल. साफ चूक. निम्म्याहून कमी. आणि बोटांचं तर शंभर टक्के खरं आहे.

कॅनडात, व्हिटबीतल्या आमच्या मराठी मंडळात त्यांचं खरं नाव फक्त वर्गणीच्या पावतीवर होतं. मूळचे कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्टीतले. इथे आल्यावर तीस वर्षं एका ओतकामाच्या कारखान्यात लोखंडातले तडे शोधायची नोकरी केली. माणूस तीस वर्षं तडे शोधत राहिला की त्याला धड वस्तू दिसेनाशी होते. हवामान खात्यानं ऊन सांगितलं की काका बर्फ उपसायचं फावडं काढत. दुधावरची तारीख वाचून झाली तरी वास घेत, आणि वास घेऊन झाला की काकूंना घ्यायला लावत. काकू म्हणायच्या, "अहो, अंतरपाट खाली आला तेव्हा यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. भटजींना विचारलं, 'हीच ना?'"

काका सगळ्या जगावर संशय घेत, तसं आम्हीही त्यांच्यावर घेत होतो. त्यांच्या बेसमेंटमधून सडक्या अंड्यांसारखा वास येई. गणपतीच्या आरतीला टाळ वाजवताना त्यांची नखं काळी दिसत. दर शनिवारी सकाळी एक लांबलचक बंद पेटी गाडीत ठेवून ते कुठेतरी जात आणि दुपारी कपाळाला काजळी लावून परत येत. शिवाय संक्रांतीच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं आपला पदार्थ आणायच्या जेवणाला, काकू जो तांबडा रस्सा आणत, त्यातलं मटण कोणत्या दुकानातलं ते त्या कुणाला सांगत नसत. "ओळखीतनं आणलंय," एवढंच. मंडळात तीन तर्क होते. त्यातला तोफेचा माझा. काकांनी बेसमेंटमध्ये तोफ ओतली आहे आणि तिचं तोंड नगरपालिकेकडे आहे, असं मी दोनच माणसांना सांगितलं होतं. आठवडाभरात नॉर्थ यॉर्कहून एका बाईंचा फोन आला, की तोफ बघायला तिकीट आहे का.

काकांनी मला देवळाच्या पार्किंगमध्ये गाठलं. "तोफेची बातमी तुमची?"

"माझीच," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ते आधीच गृहीत धरलं असतं.

"बेसमेंटमध्ये येऊन बघा मग. नंतर बोला."

खाली कुलूपबंद कपाटात होती ती ठासणीची बंदूक. पुढून, तोंडातून भरायची. आधी दारू, मग फडक्यात गुंडाळलेली शिशाची गोळी, मग गजानं ठासायचं, शेवटी घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची, आणि एवढ्या खटाटोपाला एकच बार. काकांनी सुटे भाग आणून दोन हिवाळे खपून ती स्वतः जुळवली होती. अक्रोडाचा दस्ता इतका घासला होता, की त्यात मला माझा चेहरा दिसला आणि तो मुळापेक्षा बरा होता. त्यांच्या वडिलांकडे गावी अशीच एक होती, रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून. आणि तांबडा रस्सा? तो होता डिसेंबरातल्या हरणाचा. आम्ही सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लेला. एका जोश्यांनी तर तीनदा.

मी तिथेच हट्ट धरला. मला शिकवा, आणि डिसेंबरात हरणाला सोबत न्या. आयुष्यात मी शिकारीच्या सतरा गोष्टी सांगितल्या होत्या, सतराही रंगतदार. पण जंगलात माझं पाऊल पिकनिक टेबलाच्या पुढे गेलेलं नव्हतं. पन्नाशीच्या आत एक तरी गोष्ट खरी असावी असं फार वाटायला लागलं होतं.

काका माझ्याकडे बराच वेळ तडा शोधल्यासारखे बघत राहिले. "तुम्ही बोलता फार. बोलणाऱ्या माणसाच्या हातून एक काम एक तर दोनदा होतं, नाही तर होतच नाही. बंदुकीत दोन्ही वाईट."

तरी त्यांनी मला घेतलं. आधी सेफ्टी कोर्स करून या, मग शिकारीचा वेगळा कोर्स करा, मग अर्ज भरा, मग वाट बघा. लायसन्स आलं तेव्हा मी नाचत गेलो. काकांनी कार्डावरचा फोटो माझ्या कानाशी धरून पाहिला. "हा तूच?" त्या दिवसापासून मी 'तुम्ही'चा 'तू' झालो, म्हणजे ओळख पटली असावी.

त्यानंतर पहिला अख्खा हिवाळा मला बंदूक मिळालीच नाही. मिळाला नुसता गज. या गजावर काकूंच्या नेलपॉलिशनं मारलेल्या दोन लाल रेघा होत्या, आणि काकांचं सगळं तत्त्वज्ञान त्या दोन रेघांत मावत होतं. गज नळीत पार तळाला टेकवायचा. पहिली रेघ तोंडाशी आली तर नळी रिकामी. गज उंच राहून दुसरी रेघ तोंडाशी आली तर आत एक बार आहे. आणि दुसरीही रेघ वर राहिली तर?

"तर देवाचं नाव घेऊन बंदूक खाली ठेवायची," काका म्हणत. "दोन बार एकत्र पेटले तर नळी फुटते, आणि फुटताना ती पुढच्याला विचारत नाही, मागच्यालाच विचारते." मग बोट नाचवून, "रिकामी आहे असं बंदुकवाला म्हणाला, खात्री करायची. मी म्हणालो, तरी करायची. माझ्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. कळलं?"

"कळलं काका."

"नाही कळलं. परत सांग."

पुढच्या वसंतात नेमबाजीच्या रेंजवर गेलो. माझ्या पहिल्या बारानं एवढा पांढरा धूर झाला की ऑशावातल्या विमानतळानं उड्डाणं थांबवली. बरं, नाही थांबवली; पण थांबवायला हवी होती. धूर निवळल्यावर दिसलं की माझ्या कागदी लक्ष्याला काही झालेलं नाही आणि शेजारच्याच्या लक्ष्याला मधोमध भोक आहे. शेजारचा, एक दाढीवाला गोरा म्हातारा, मला थँक्यू म्हणाला. काका म्हणाले, "नेम नंतर. आधी सांग, तुझ्या लक्ष्याच्या मागे काय आहे?" मी म्हटलं, माती. "त्याच्या मागे?" झाडं. "त्याच्या मागे?" मी शेकडो किलोमीटरवरच्या सडबरीपर्यंत पोचलो तेव्हा कुठे त्यांनी दुसरा बार भरू दिला.

असे दोन उन्हाळे गेले. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात काका म्हणाले, "या शनिवारी रेंजवर शेवटचं बघतो. जमलं तर डिसेंबरात चल." मी घरी जाऊन शिकारीला घालायचं केशरी जाकीट घालूनच जेवलो. बायको म्हणाली, "रस्ता दुरुस्तीचं काम मिळालं का?"

त्या शनिवारी कडाक्याचं गार होतं. काका आपला बार भरत होते. दारू, गोळी, ठासणी झाली, आणि टोपी बसवायच्या आधीच रेंजवर थांबायची शिट्टी झाली. शिट्टी झाली की सगळ्यांनी बंदुका मांडणीवर ठेवून मागे सरायचं, कुणी कशाला हात लावायचा नाही. लोक पुढे जाऊन आपापली लक्ष्यं बदलतात. आम्ही मागे उभे राहिलो आणि मी, मेला तोंडाचा पट्टा, गोष्ट सुरू केली. हायवेवर माझ्या गाडीसमोर मूस आला, हरणाचा घोड्याएवढा थोरला भाऊ, मी हॉर्न वाजवला, तर त्यानं आधी आरशात बघितलं आणि मग लेन बदलली. काका हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, हातमोज्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "इंडिकेटर दिला होता का त्यानं?"

शिट्टी पुन्हा झाली. हसतच काका मांडणीशी गेले आणि त्यांनी दारू मोजून नळीत ओतली.

मला काही लक्षात आलं नाही. ते माझ्या मूसच्या धुंदीत होते आणि मी त्यांच्या हसण्याच्या. गोळी गेली, गज गेला. काकांनी मान वाकवून गजाकडे बघितलं, नेहमीसारखं, पुरतं लक्ष देऊन. "खात्री केली," असं स्वतःशीच म्हणाले. तेव्हा सवयीनं मीही बघितलं. दोन्ही लाल रेघा नळीच्या बाहेर होत्या. दुसरी चांगली दोन-तीन बोटं वर.

त्यांनी बघितलं होतं, पण त्यांना दिसलं नव्हतं. मोतीबिंदू पिकत चालला होता, हे त्यांनी डॉक्टरांपासून, काकूंपासून आणि बहुधा स्वतःपासूनही लपवलं होतं. गज बाहेर काढून ते टोपीच्या डबीकडे वळले.

"काका, थांबा! दोन बार आहेत आत!"

ते थांबले. माझ्याकडे असे बघायला लागले की मला माझ्या सगळ्या गोष्टी एका ओळीत उभ्या दिसल्या: तोफ, विमानतळ, मूस. आयुष्यभर फेकलेली सगळी फेकाफेक मी त्या एका क्षणी परत घ्यायला तयार होतो. या माणसानं मला खोटं ठरवलं तर त्याचा चेहरा जाणार होता, आणि मला खरं ठरवलं तर त्याची बंदूक.

"चेष्टा करतोयस?"

"नाही हो. आईशप्पथ."

"तुझ्या शपथेला काय किंमत आहे?" काका म्हणाले. हातात ती इवलीशी तांब्याची टोपी होती. "तुझ्यावर माझा विश्वास नाही." मग टोपीकडे बघत राहिले. "पण माझ्यावर तरी कुठे आहे?"

टोपी त्यांनी डबीत परत ठेवली. नळीचं तोंड मोकळ्या बाजूला धरून हवेच्या छोट्या नळकांड्यानं आतलं सगळं बाहेर ढकललं. समोर स्टीलचं ताट होतं, सुटं सामान ठेवायला काकूंनी दिलेलं. त्यात एक गोळी पडली, काळी दारू पडली, आणि मग टण्ण करून दुसरी गोळी. दोन्ही ताटात गोल फिरत राहिल्या. त्या थांबल्यावर काकांनी दोन्ही बोटानं चाचपून मोजल्या. दाढीवाल्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. ही मात्र मी वाढवलेली नाही. त्यानं खरंच काढली.

परतताना गाडीच्या किल्ल्या त्यांनी मला दिल्या. विंटर टायर्स बसवलेत का, हे मात्र स्वतः उतरून बघितलं.

डिसेंबरात त्यांनी मला नेलं. बंदूक माझ्या हातात. त्यांच्या हातात चहाचा थर्मास. बर्फात तीन तास बसल्यावर माझ्या पायांनी माझ्याशी संबंध तोडले होते, आणि तेव्हा ती आली. एक हरणी, साठ पावलांवर, बाजू देऊन उभी. माझं काळीज इतकं वाजत होतं की तिला ते कसं ऐकू गेलं नाही कोण जाणे. घोडा चढवला, नेम धरला. ती एका चढाच्या माथ्यावर उभी होती आणि तिच्या मागे नुसतं पांढरं आभाळ होतं. माती नाही, झाड नाही. पलीकडे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

काकांना ती दिसली होती की नाही, हे मला माहीत नाही.

मी घोडा हलकेच उतरवला. हरणीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि कंटाळून निघून गेली. "मागे काय होतं ते कळेना," मी पुटपुटलो. काकांनी थर्मासचं झाकण भरून माझ्या हातात दिलं. त्या चहाचा त्यांनी वास घेतला नव्हता. "शिकलास," म्हणाले. त्या संक्रांतीला काकूंनी वांग्याची भाजी आणली, आणि जोशी बराच वेळ पातेल्यात चमचा घालून मटण शोधत राहिले.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना कॅल्गरीला घेऊन गेला. डोळ्यांचं ऑपरेशन तिकडेच करायचं ठरलं. घर विकलं. बंदूक माझ्या नावावर करायचे फोन झाले, सरकारी मंजुरीचा नंबर आला, काकांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. निघायच्या दिवशी ड्राइव्ह-वेमध्ये गाडी सुरू होती, काकू आत बसल्या होत्या. काकांनी ती लांब पेटी माझ्यापुढे धरली.

"घे. रिकामी आहे."

मी पेटी उघडली. बंदूक बाहेर काढली, तोंड वर धरलं, गज नळीत पार तळापर्यंत घातला आणि वाकून बघितलं. पहिली रेघ तोंडाशी टेकली होती. हे सगळं त्यांच्या नाकासमोर, त्या घराच्या दारात, त्यांनी स्वतः शब्द दिलेला असताना. दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. काकांचा चेहरा असा खुलला की मी उगाच रस्त्याकडे बघत राहिलो.

"रिकामी आहे," मी म्हटलं.

"खात्री केलीस?"

"केली."

त्यांनी माझा हात हातात घेतला, घट्ट दाबला आणि सोडला. मग बोटं न मोजता ते गाडीत जाऊन बसले.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मला संशय आला, की मोजायचं ते विसरले असतील. वय झालं होतं. निघायची गडबड होती. मुलगा हॉर्न वाजवत होता. फोन करून विचारता येईल, नंबर आहे माझ्याकडे. पण तेवढी एक गोष्ट मी खात्री न करता खरी धरून ठेवली आहे.