वाटूर फाट्यावरचा फोटो

फोटो काढायला मला आमच्या जालना जिल्ह्यातल्या आष्टीच्या एका स्टुडिओवाल्यांनी शिकवलं. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. बारावीनंतर मी त्यांच्याकडे पासपोर्ट फोटो कापायला जायला लागले आणि पाच वर्षं तिथंच राहिले. चाचांची एक पद्धत होती. समोर बसलेल्या माणसाला ते आधी पाणी द्यायचे, मग कंगवा. शर्टाचं वरचं बटण स्वतःच्या हातानं लावायचे आणि म्हणायचे, हनुवटी जरा वर. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढे परतूरला, घनसावंगीला दुकानं टाकली. तिथंही कंगवा, तिथंही हनुवटी वर. आमच्या भागात कुणाच्याही घरी गेलं तरी भिंतीवरची माणसं एकाच तऱ्हेनं ताठ बसलेली दिसतात. एका माणसानं दोन-तीन तालुक्यांचे चेहरे घडवलेत म्हणा ना. फोटो म्हणजे हेच, असं मी धरून चालले होते.

मग संभाजीनगरला तीन दिवसांचं शिबिर झालं. शिकवणारे सर पुण्याहून आलेले. त्यांनी पडद्यावर जगातल्या मोठमोठ्या फोटोग्राफरांची कामं दाखवली. कुणी एकाच चौकात तासन्‌तास उभं राहून एक क्षण पकडलेला. कुणी दुष्काळात उपाशी माणसांबरोबर चाललेला. एकीनं वर्षानुवर्षं फक्त आपल्या आईचेच फोटो काढलेले, आजारपणातलेसुद्धा. यांच्या आधी फोटोतला माणूस सजून बसायचा, यांनी त्याला उठवून रस्त्यावर आणलं, असं सर म्हणाले. माणसाला सावरायला वेळ दिला की फोटो मेला, हेही त्यांचंच. मी ते वहीत लिहून घेतलं आणि बसमध्ये दोनदा वाचलं. सरांचं पटत होतं. चाचा चुकीचे आहेत, हे मात्र पटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, ते कळेना.

पुढच्याच महिन्यात मी वाटूर फाट्यावर उतरले तर बाकावर माझी मावशी झोपलेली. मावशी अंगणवाडीत मदतनीस आहे. बाहेर पडताना साडीची निरी चार वेळा बघणारी बाई. त्या वेळी तिची लेक जालन्याला बाळंत झाली होती आणि मावशी दोन दिवस-दोन रात्री दवाखान्यात जागी होती. आता तिचं तोंड अर्धं उघडं, पदर घसरलेला, तुटलेली चप्पल मांडीवर. मागं आष्टीची जीप माणसं भरत होती.

मी तिला हाक मारायला हवी होती. मी कॅमेरा काढला. उजेड डावीकडून येत होता, तो सुंदर होता, एवढं आठवतं. जीप निघून गेली तेव्हाही मी फोटोच काढत होते. नंतर तिला उठवलं. ती दचकली, आधी पदर सावरला, मग विचारलं, जीप गेली काय? मी हो म्हणाले. आत्ताच आले, असंही म्हणाले. पुढच्या जीपला दीड तास लागला.

तो फोटो सरांना पाठवला. त्यांनी तो पुण्यातल्या प्रदर्शनासाठी निवडला, आणि नंतर तेच प्रदर्शन जालन्यात आलं. फोटो दाराएवढा मोठा केलेला. मावशीला मी हौसेनं घेऊन गेले. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. ती फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, चप्पल बघतेय. पण तिनं बोट ठेवलं ते मागच्या जीपवर.

"ही जीप भरून राह्यली व्हती, तवा तू हितंच व्हतीस?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढ्यात प्रदर्शन बघायला कुणी पाहुणे आले, तर मावशी सरकून फोटोच्या बरोबर समोर उभी राहिली, पाठ फोटोकडे करून. पाहुणे पलीकडं जाईपर्यंत हलली नाही. त्यांना ती ओळखू आली की नाही, मला आजही ठाऊक नाही.

परतताना ती म्हणाली, मला चाचाकडं ने. दुसऱ्या दिवशी गेलो. चाचांनी पाणी दिलं, कंगवा दिला. बटण नव्हतं, म्हणून खांद्यावरचा पदर नीट करायला मला सांगितलं. मावशीनं न सांगता हनुवटी वर केली. मी कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि खरं सांगते, तीही मावशीच होती. चाळीस मुलांना एका हाकेत रांगेत बसवणारी. ती काही खोटी नव्हती.

मावशी गेल्यावर मी चाचांना फाट्यावरचा फोटो मोबाईलवर दाखवला. ते चष्मा लावून बघत राहिले.

"बिलकुल चांगला फोटो आहे," ते म्हणाले. "मी न्हाई काढला असता."

का, ते मी विचारलं. चाचा म्हणाले, मलाही असं पुष्कळ दिसलं, पण फोटो काढला असता तर मंग तो माणूस दुकानात परत यायला लाजला असता. त्यांनी पुन्हा फोटोकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, उजेड कोणत्या बाजूचा घेतलास. माझा गोंधळ आणखी वाढला. शिव्या दिल्या असत्या तर एक बाजू धरता आली असती.

चाचांकडचा फोटो मावशीनं भिंतीवर लावला. फाट्यावरचा तिच्या लेकीनं स्वतःच्या मोबाईलवर ठेवलाय. माझ्या बाळंतपणात आई अशी दमली होती, हे मला कधी कळलंच नसतं, असं ती म्हणते. दोघींचंही मला बरोबर वाटतं.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. त्यांना तो फोटो पुस्तकात घ्यायचा आहे. मी म्हणाले, मावशीला विचारून सांगते. विचारलं. ती अंगणवाडीतल्या पोरांसाठी खिचडी ढवळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"त्या दिवशी विचारलं व्हतंस का? आता बी तूच ठरव."

आवाजात राग होता, की मोकळीक, मला ओळखता आलं नाही. सरांचा काल पुन्हा फोन येऊन गेला. मी अजून काही कळवलेलं नाही.